नोकरी सोडल्यावर गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का?

प्रश्न: मी आर्किटेक्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातली नोकरी सोडून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. २०१८ च्या गृहकर्जाचे ३१ लाख रुपये आणि १३ वर्षं बाकी आहेत. दर ८.९० टक्के, एमसीएलआरशी (बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेल्या दराशी) जोडलेला. दुसऱ्या बँकेचा एजंट ७.६० टक्क्यांनी कर्ज वळवून देतो म्हणतो, शिवाय ऑफिससाठी १० लाखांचं टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज). जुन्या सॅलरी स्लिपा चालतील, असंही तो म्हणाला. गाडीचा हप्ता ११ हजार आहे. काय करू?

उत्तर: स्लिपांचा विषय आधी संपवू. नोकरी नसताना त्या जोडणं ही सरळ फसवणूक आहे. एजंट कमिशन घेऊन मोकळा होईल, अर्जावर सही मात्र तुमची असेल.

आता खऱ्या कागदांवर काय मिळेल ते पाहू. पहिल्या सहा महिन्यांत ९ लाख आणि २०२५-२६ मध्ये २४ लाख फी आली, असं तुम्ही कळवलंय. ४४एडीएखाली (व्यावसायिकांना फीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न म्हणून दाखवू देणारं प्राप्तिकराचं कलम) तुम्ही निम्मंच उत्पन्न दाखवता, म्हणजे साडेचार आणि १२ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, त्यामुळे तुमचे सीए खूश असणार. (निम्मं ही किमान मर्यादा आहे बरं का, प्रत्यक्ष कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची असते.) पण बँक रिटर्न बघते, खात्यात आलेली फी नाही. बऱ्याच बँका दोन वर्षांची सरासरी काढतात. ती होते सव्वाआठ लाख. त्यातला साधारण निम्मा भाग सगळ्या हप्त्यांसाठी धरला, तर महिन्याला ३४ हजारांच्या आसपास. ७.६० टक्क्यांनीही घराचा हप्ता ३१,३०० च्या पुढे जातो, वर गाडीचे ११ हजार. टॉप-अप दूरच राहिलं, नुसतं कर्ज वळवतानाही अर्ज अडकेल.

एवढं कशाला, तुमच्याच बँकेत जा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग (दर बदलता असलेली) गृहकर्जं रेपोसारख्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तशा, बाह्य दराशी जोडावी लागतात. त्याच नियमानुसार तुमच्यासारख्या जुन्या कर्जदारालाही त्या दरावर जाता येतं. शुल्क म्हणून बँक फक्त वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्च घेऊ शकते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, आणि तुमचं कर्ज अजून एमसीएलआरला चिकटून बसलंय. हे नवं कर्ज नाही, त्यामुळे सहसा उत्पन्नाची फाईल नव्याने उघडत नाहीत. कामाबद्दल विचारलं तर मात्र खरं तेच सांगा.

समजा, तुमच्या बँकेने ७.८५ टक्के दिला. हप्ता ३३,६०० वरून ३१,७५० च्या घरात येईल. एजंटच्या दरापेक्षा महिन्याला फक्त ४३० रुपये जास्त, १३ वर्षांत मिळून ६७ हजार. त्यातून कर्ज वळवण्याचा खर्च वजा करा: महाराष्ट्रात गहाणखतावर ०.३ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ९,३०० रुपये. नोटीस ऑफ इंटिमेशनचं, म्हणजे गहाणाची सरकारी नोंद करण्याचं, शुल्क. प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन. हे सगळं आजच खिशातून जातं, आणि तो फायदा तेरा वर्षं थेंबाथेंबाने येतो.

पगारदारांना मी एरवी सांगतो, दर उतरला तरी हप्ता तोच ठेवा, कर्ज लवकर फिटेल. तुम्हाला उलट सांगतोय. हप्ता कमी करून घ्या आणि मोठी फी आली की मुद्दलात भरा. फ्लोटिंग गृहकर्जावर त्याला दंड नाही. क्लायंटचं बिल दोन-तीन महिने अडकणं तुमच्या धंद्यात नवं नाही, तेव्हा सहा महिन्यांचे हप्ते, गाडीचाही धरून, वेगळ्या एफडीत ठेवा. रेपो वरही जातो: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ४ वरून ६.५० झाला होता.

टॉप-अपचं म्हणाल, तर माझा नकार आहे. त्याच दराने मिळालं तरी १० लाखांवर १३ वर्षांत पावणेसहा लाखांहून जास्त व्याज जाईल. खुर्च्या आणि प्लॉटर तोवर भंगारात गेलेले असतील आणि त्यांच्यासाठी घर गहाण राहिलेलं असेल. सध्या भाड्याच्या जागेत दोन टेबलं मांडा. २०२६-२७ चं रिटर्न भरलं की दोन पूर्ण वर्षं कागदावर दिसतील. ऑफिसचं कर्ज तेव्हा काढा, आणि ते प्रॅक्टिसच्या नावावर असू द्या.