एक्स्टेंडेड वॉरंटीत ‘सगळं येतं’ असं सांगतात, त्यातलं खरोखर किती येतं?

तुम्ही लिहिलंय की नवा लॅपटॉप घेताय, विक्रेत्याने एक्स्टेंडेड वॉरंटी (म्हणजे वेगळे पैसे देऊन मूळ मुदतीपुढे वाढवलेली वॉरंटी) पुढे केली आणि ‘यात सगळं येतं, काही बघायलाच नको’ असं सांगितलं. ती घ्यावी का, आणि ‘सगळं’ म्हणजे नेमकं किती, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत. क्लेम नाकारला म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असायची, की हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वस्तू बंद पडते ती तीन तऱ्हांनी. आत काहीतरी आपोआप बिघडतं, बाहेरून नुकसान होतं, किंवा वापरून वापरून झीज होते. साधी एक्स्टेंडेड वॉरंटी यातल्या पहिल्या तऱ्हेपुरती असते. मदरबोर्डावरचा एखादा भाग गेला, स्क्रीनचा उजेड बंद झाला, कीबोर्डची एक ओळ चालेनाशी झाली, तर दुरुस्ती मिळते. हातातून पडला किंवा पाणी सांडलं तर ते नुकसान. बॅटरी उतरली, खालचे रबरी पाय निघाले, बटणांवरची अक्षरं पुसली गेली, ही झीज. आपण पैसे भरतो ते पडण्याच्या आणि पाण्याच्या भीतीने, आणि हातात कागद येतो तो आतल्या बिघाडाचा. वादाचं मूळ इथे आहे.

बॅटरीचा हिशोब बघा. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी म्हातारी होते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या बॅटरीबद्दल अ‍ॅपल सांगते की ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता टिकावी अशी तिची रचना आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० आहे. रोज एक पूर्ण चार्जिंग धरलं तर ५०० चा टप्पा दीड वर्षाच्या आत येतो. म्हणजे वाढीव वॉरंटी चालू असतानाच बॅटरी थकणार, आणि ते अपेक्षितच असल्यामुळे त्याला बिघाड म्हणणार नाहीत. काही योजनांत क्षमता ठरावीक टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देतात. तसं असेल तर तो आकडा कागदावर दिसला पाहिजे, तोंडी नको.

बिघाड आणि नुकसान यांच्यामधली रेघ मात्र नेहमी इतकी ठळक नसते, आणि तिथेच माणसं हरतात. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपचं उदाहरण सांगतो. वाढीव वॉरंटीचं पहिलंच वर्ष चालू होतं. झाकण उघडताना एका कोपऱ्यात कट्ट आवाज आला आणि स्क्रीनची चौकट उकलली. सर्व्हिस सेंटरने पाच मिनिटांत ‘फिजिकल डॅमेज’ लिहून लॅपटॉप परत केला. घरी आणून मी तो दिव्याखाली धरला. बाहेरच्या चारही कोपऱ्यांवर एक ओरखडा नव्हता. उकललेल्या फटीतून आत पाहिलं तर बिजागरी इतकी घट्ट झाली होती की बोटाने हलेना. ती ज्या पितळी नटांवर बसवलेली होती, ते नट प्लास्टिकमधून मुळासकट उपटून आले होते आणि अजून स्क्रूंना तसेच चिकटलेले होते. पडलेल्या लॅपटॉपचा आधी कोपरा चेपतो, इथे आतलं प्लास्टिक ओढाताणीने फाटलं होतं. मी कशालाही स्क्रूड्रायव्हर लावला नाही, नुसते फोटो काढले. ते जोडून ईमेल केला आणि विचारलं की कराराच्या कोणत्या कलमाखाली हे नाकारताय ते लेखी कळवा. दोन आठवड्यांनी फेरतपासणी झाली, झाकण आणि बिजागऱ्या बदलून मिळाल्या. फोटो काढले नसते आणि कलम विचारलं नसतं तर तो लॅपटॉप आमच्या खर्चाने दुरुस्त झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

नकार आला की तो लेखी मागायचाच. तोंडी ‘नाही होणार’ ऐकून परत यायचं नाही.

मोबाइलचा विषय निघाला की पाण्याचा ठिपकाही बघायला हवा. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत आत एक लहानसा पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो आणि परत कधी पांढरा होत नाही. तंत्रज्ञ टॉर्च मारून आधी तोच बघतो. लाल दिसला की बिघाड भलतीकडे असला तरी क्लेम अडतो. फोन पाण्यात टिकणारा आहे अशी जाहिरात असली तरी वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा धरत नाहीत. हे मला मुळीच पटत नाही, पण कागदावर तसंच असतं.

मुदतीचंही नीट समजून घ्या. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ म्हणतात तेव्हा त्यात कंपनीचं मूळ वर्ष मोजलेलं असतं का, हे विचारा. असेल तर तुम्ही दोनच वर्षांचे पैसे देताय. शिवाय इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाची एक रीत असते. सदोष भाग बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उघडे पडतात आणि ते मूळ वॉरंटीत निभावतं. मग बराच काळ शांततेचा जातो. शेवटी वयाचे बिघाड सुरू होतात. आलेख काढला तर तो बाथटबसारखा दिसतो, म्हणून अभियंते त्याला बाथटब कर्व्हच म्हणतात. वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा त्या टबाच्या सपाट तळावर येते. उष्णतेने हा तळ आखूड होतो. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. पंख्याची वाट मोकळी ठेवण्याला पैसे पडत नाहीत.

एखाद्या मॉडेलमध्ये मुळातच दोष असेल तर पुष्कळदा कंपनीलाच पुढे यावं लागतं. एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्रातल्या लाल दिव्याच्या बिघाडासाठी मायक्रोसॉफ्टने २००७ साली वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. अ‍ॅपलने २०१८ साली ‘बटरफ्लाय’ नावाचा, बटणं अडकणारा कीबोर्ड असलेल्या लॅपटॉपसाठी खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्ती जाहीर केली. वाढीव वॉरंटी नसलेल्यांनाही हे मिळालं. म्हणून दुरुस्तीचे पैसे भरण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी काही योजना आहे का ते कंपनीच्या साइटवर बघून घ्या. देशाचा ग्राहक कायदाही बघा. युरोपीय संघात मुळातल्या दोषासाठी विक्रेता किमान दोन वर्षं जबाबदार असतो, मग त्याच काळासाठी वेगळे पैसे कशाला?

आता पैशांचं कलम. वस्तूची किंमत १०० धरा. पुष्कळ करारांत सगळ्या क्लेमची मिळून कमाल मर्यादा तेवढीच असते, आणि काहींत दरवर्षी घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची घट, वजा होतो. समजा दुसऱ्या वर्षी ३० टक्के घसारा धरला, तर तुमची मर्यादा ७० वर आली. दुरुस्ती त्याहून महाग पडणार असेल तर ते दुरुस्त करत नाहीत, ७० देतात किंवा ‘समकक्ष’ वस्तू देतात, आणि करार तिथेच संपतो. मुदत उरलेली असली तरी संपतो. बदलून दिलेला भाग नवा असेलच असंही नाही, दुरुस्त केलेला जुना भाग चालतो असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. काही योजनांत प्रत्येक दुरुस्तीला ठरावीक रक्कम तुम्हालाही भरावी लागते.

आणि डेटा. कुठल्याही साध्या वॉरंटीत डेटा येत नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वॉरंटीत लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, बदलून मिळाली होती, जुनी नियमाप्रमाणे कंपनीने ठेवून घेतली होती. लेकाच्या जन्मापासूनचे फोटो तिच्यातच होते. मी काहीही करू शकलो नाही. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या. तो सुरूच होत नसेल तर आधी डेटा काढून मिळेल का, हे विचारल्याशिवाय हातातून सोडू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लॅपटॉप रोज पिशवीतून नेणार असाल आणि योजनेत पडण्याचं व पाण्याचं नुकसान स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असेल, तर घ्या. शक्यतो वस्तू बनवणाऱ्या कंपनीचीच घ्या. विक्रेत्याची योजना पुष्कळदा तिसरीच कंपनी चालवते आणि बिघाड झाला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. नुसत्या आतल्या बिघाडाची असेल आणि लॅपटॉप घरच्या टेबलावरच राहणार असेल, तर ते पैसे बाजूला ठेवा, नवी बॅटरी त्यातून येईल. काहीही करा, पण पैसे देण्याआधी अटींचा पूर्ण कागद मागा आणि ‘यात काय येत नाही’ ते पान आधी वाचा. कागद नंतर ईमेलने येईल म्हणाले, तर तो येईपर्यंत थांबा.

लॅपटॉप घेतलात की त्याच दिवशी बिलाचा आणि मागच्या सिरियल नंबरचा एकत्र फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत, उन्हात किंवा गरम जागी तर त्याहून लवकर, पुसट होते, आणि क्लेमच्या वेळी पहिल्यांदा बिलच मागतात.