सी शार्पमध्ये पिनकोड तपासायचे लूप लिंकने छोटे होतील का?

तुम्ही विचारलंय की कस्टमर लिस्टमधले पिनकोड तपासायला एकात एक दोन लूप, एक फ्लॅग आणि वर ब्रेक असं सगळं झालंय, ते लिंकने (LINQ, सी शार्पमधली लिस्ट-कलेक्शन छोट्या कोडमध्ये तपासायची सोय) कमी होईल का. होईल, आणि कराच. स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरचं कलेक्शनच असतं, त्यामुळे आतला लूप सरळ उडतो, पिन डॉट ऑल (सगळे कॅरेक्टर अटीत बसतात का ते सांगतो) आणि कंसात कॅर (char) डॉट इजडिजिट, म्हणजे आकडा आहे का, बस्स. पहिला चुकीचा कॅरेक्टर दिसला की ऑल तिथेच थांबतो म्हणजे ब्रेक पण नको. लिंक २००७ पासून आहे, जुन्या प्रोजेक्टात पण चालतं.

रिकाम्या स्ट्रिंगवर मात्र ऑल ट्रू देतो, म्हणून आधी लेंग्थ ६ आहे का बघा, आणि डॉट लेंग्थच्या आधी प्रश्नचिन्ह लावलं की नल (null, म्हणजे व्हॅल्यूच नसणं) पण तिथेच अडकतो. गोव्यातले सगळे पिन ४०३ ने सुरू होतात खरे पण सावंतवाडी, बेळगावचे कस्टमर असतातच, ती अट घालू नका.

आता खरी गोम. आपल्याकडे लोक फॉर्म देवनागरीत भरतात, आणि इजडिजिटला देवनागरी आकडे पण डिजिटच वाटतात, म्हणजे पिन पास होतो आणि पुढे स्ट्रिंगचा आकडा करणारं इंट पार्स एक्सेप्शन (एरर) फेकतं. डॉट नेट ७ पासून इजअॅस्कीडिजिट आहे ते वापरा, त्याआधीचं व्हर्जन असेल तर कॅरेक्टर इंग्रजी शून्य ते नऊच्या मधे आहे का एवढं लॅम्डात (कंसातच लिहायचं बिननावाचं छोटं फंक्शन) लिहा.

गावाच्या नावाला ऑल आणि इजलेटर (अक्षर आहे का) लावलं तर उलटं होतं, बरोबर नाव फेल जातं. 'फोंडा' घ्या, फ आणि ड पास, पण ओची मात्रा, अनुस्वार आणि शेवटचा काना हे युनिकोडमध्ये लेटर नाहीत, मार्क आहेत. म्हापसा हलंतावर अडतो, मडगाव कान्यावर. तिथे कॅरेक्टरचा प्रकार सांगणाऱ्या गेटयुनिकोडकॅटेगरीने नॉनस्पेसिंगमार्क आणि स्पेसिंगकंबायनिंगमार्क दोन्ही चालवून घ्या, स्पेस पण, नाहीतर वास्को द गामा राहील बाहेर.

आणि बाहेरच्या, म्हणजे कस्टमरच्या लूपला ऑल नको, व्हेअर (अटीत बसणाऱ्याच रो निवडतो) लावा. ऑल नुसतं हो-नाही सांगतो, एंट्री करणाऱ्या माणसाला कुठली रो चुकली ते कळायला हवं, तर आधी सिलेक्टचं इंडेक्सवालं रूप घेऊन रो नंबर जोडा, मग व्हेअरमध्ये अट उलटी करून चुकीच्या तेवढ्या दाखवा. प्रत्येक चुकीला वेगळा मेसेज द्यायचा असेल तर मात्र साधा फॉरईचच ठेवा, सगळ्या अटी एका ओळीत कोंबल्या तर सहा महिन्यांनी कोणालाच वाचता येत नाही.