अर्ध्या तासाची संथा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॉलेज सांभाळून ऋग्वेद शिकायचा, तोही मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून, असा बेत तू कळवलास. बेत अर्धाच बरा आहे. रेकॉर्डिंग उजळणीला ठेव. संथा (गुरुजींमागून म्हणत घेतलेला पाठ) मात्र समोर बसून घे. तुझं कुठे चुकतंय ते मोबाइल सांगणार नाही.

१०२८ सूक्तांचा हिशेब आत्ता नको. पहिलं अग्निसूक्त घे. नऊ ऋचा आहेत, प्रत्येकीत आठ-आठ अक्षरांचे तीन चरण. रोज अर्धा तास, आठवड्याला एक ऋचा पुरे. गुरुजी एकदा म्हणतील, तू दोनदा म्हणायचंस. पोथी नंतर उघड.

पोथी उघडलीस की पहिला घोळ स्वरांच्या, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या, खुणांचा होतो. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित. उदात्ताला खूणच नाही. ‘अ॒ग्निमी॑ळे’ यात ‘ग्नि’ कोरा आणि ‘ळे’ही कोरा, पण ‘ग्नि’ उदात्त आहे आणि ‘ळे’ प्रचय. आडव्या रेघेनंतरचं किंवा ओळीच्या आरंभीचं कोरं अक्षर उदात्त. स्वरितानंतरची कोरी अक्षरं प्रचय, पुढची आडवी रेघ येईपर्यंत. आणि ‘उदात्त’ म्हणजे ‘उंच’, या नावाला भुलून उदात्तावर आवाज चढवू नकोस. ऋग्वेदाच्या पठणात वर जातो तो स्वरित. उदात्त मध्यावरच राहतो. नवशिके हमखास इथेच घसरतात, आणि एकदा बसलेली चाल मोडायला नवी शिकण्याहून जास्त दिवस लागतात.

मराठी जिभेला ‘ईळे’तला ‘ळ’ आयता मिळालाय (लौकिक संस्कृतात तिथे ‘ईडे’ होतं). पण ‘ऋत्विजम्’चं ‘रुत्विजम्’ आणि ‘यज्ञ’चं ‘यद्न्य’ आपण सहज करतो. शेवटचा ‘अ’ तर गिळतोच. सातव्या ऋचेत ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ असं आहे. ‘उप्’ म्हटलंस की चरणाची सातच अक्षरं उरतात. बोटांवर मोजत म्हण.

संहिता, म्हणजे संधी केलेला सलग मजकूर, पाठ झाली की शाकल्य ऋषींचा पदपाठ, म्हणजे पदं सुटी केलेला पाठ, शेजारी ठेव. संहितेत ‘मी’ स्वरित दिसतो, पदपाठात मात्र ‘ई॒ळे॒’ची दोन्ही अक्षरं अनुदात्त. मुख्य वाक्यात, आरंभी नसलेलं क्रियापद स्वरहीन असतं, म्हणजे त्यात उदात्त नसतो. आधीच्या उदात्तामुळे संहितेत ‘मी’ स्वरित झाला. हे एक कोडं स्वतः सोडवलंस तर पाणिनीची स्वरप्रक्रिया, म्हणजे त्याच्या व्याकरणातले स्वरांचे नियम, रुक्ष वाटणार नाही. जटा (१-२, २-१, १-२) आणि घन (१-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३) या पदं पुढेमागे म्हणायच्या रीती नंतर; आकडे म्हणजे पदांचा क्रम. पद उलटसुलट म्हणताना संधी बदलतात, म्हणून पदपाठ कच्चा असेल तर तिथे जीभ अडतेच.

टिपणं टाइप करताना स्वरचिन्हं गाळू नकोस. युनिकोडमध्ये ती आहेत. फोनच्या साध्या कीबोर्डवर सापडली नाहीत तर कागदावर लाल पेनाने रेघा मार. स्कॅनवरून मजकूर काढलास तर रेघा बहुधा गळतात, तेव्हा छापील प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून बघ. तुझ्या आवाजाच्या प्रत्येक फाइलला शाखा (वेदाची पाठपरंपरा, इथे शाकल), मंडल, सूक्त, ऋचा अशी नावं दे: शाकल-१-१-१.

पहिल्या तीन ऋचा बसल्या की फाइली पाठव. खोली बंद करून, पंखा थांबवून रेकॉर्ड कर.