जुनं गाणं पुन्हा का गातात? आधी एवढं कळू दे

एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या ऐकून तुझा गोंधळ उडाला, ते साहजिक आहे. सुरुवातीला एक गोष्ट पक्की कर: गाण्याचे, म्हणजे शब्दांचे आणि चालीचे, हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे, म्हणजे मास्टरचे, वेगळे. मास्टर बऱ्याचदा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. गाणं पुन्हा गाऊन कलाकार स्वतःच्या मालकीचा मास्टर तयार करू शकतो. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने 2021 पासून हेच केलं.

नवख्यांच्या हमखास चुका:
- रीमास्टरला नवं रेकॉर्डिंग समजणं. तिथे जुनंच ध्वनिमुद्रण उजळलेलं असतं.
- सगळं पैशासाठीच, असं धरून चालणं. वयानुसार आवाज बदलतो, मैफलींत गाणंही बदलत जातं, ते टिपावंसं वाटतं. मला हे कारण सगळ्यात मोलाचं वाटतं.

गाणं पुन्हा कधी रेकॉर्ड करता येईल, या करारातल्या मुदतींचा विचार आत्ता नको. आधी दोन्ही आवृत्त्या हेडफोन लावून सलग ऐक.