पान हिरवं आहे म्हणजे औषध शुद्ध आहे?

औषधी वनस्पतींतल्या जड धातूंबद्दल (शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा) पुन्हा तेच प्रश्न आले आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देते.

महामार्गालगतच्या तुळशीची पाने धुऊन काढ्यात घालावीत का? (कराड)
नको. धुण्याने धूळ जाते, मुळांवाटे आत शिरलेला धातू जात नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण मातीतले शिसे सहजी जात नाही.

अश्वगंधा पिवळी पडली. दुकानदार म्हणतो, धातूंचा ताण आहे, म्हणजे मातीतल्या जादा धातूंचा झाडाला त्रास होतोय, पावडर टाका. (जत)
चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. आधी माती तपासा, पावडर विकत घेऊ नका.

ओढ्याला गावाचे सांडपाणी मिळते, तिथे ब्राह्मी जोमात येते. व्यापारी म्हणतो, ताणामुळे गुण वाढतो. (मिरज)
हे अर्धसत्य फार पसरले आहे आणि मला त्याचीच धास्ती वाटते. ताण आला की झाड बचावासाठी काही संयुगे जास्त बनवते, हे काही प्रयोगांत दिसले आहे. पण धातू वाढला की मुळे आखूड आणि तपकिरी होतात, हरितद्रव्य घटते, उत्पन्नही बसते. शिवाय वाढलेल्या गुणासोबत कॅडमियमही त्याच पाल्यात येते. ब्राह्मी ते इतके शोषते की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. तीच ब्राह्मी पोरांच्या स्मरणशक्तीसाठी द्यायची? कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचत राहते. आयुर्वेदिक औषधांत त्याची मर्यादा ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३ भाग), शिशाची १०, आर्सेनिकची ३ आणि पाऱ्याची १ आहे. पाला जोमदार दिसतो यावरून यातले काहीच कळत नाही. व्यापाऱ्याने अहवाल दाखवला तर तो कोणत्या लॉटचा, हे विचारा. तुमच्या मालाचा नसेल तर त्याचा उपयोग नाही. हा पाला विकू नका, घरातही वापरू नका. पुढची लागण विहिरीच्या पाण्यावर करा, तेही माती आणि पाणी दोन्ही तपासून.

पॉलिश करताना हळदीला पिवळा रंग लावू का? (सांगली)
मुळीच नाही. त्या पिवळ्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असू शकते. रंग फिका का येतो, हे कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात विचारा.

आमची तांबडी माती आम्लधर्मी आहे. चुना टाकला तर धातू कमी शोषले जातील? (पाटण)
कॅडमियम कमी शोषले जाईल. पण किती चुना, हे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) पाहूनच ठरते. शेजाऱ्याचे प्रमाण उचलू नका. लागणीच्या तोंडावर धावाधाव न करता आत्ताच नमुना घेऊन बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.