बहिरेपण सेवेमुळे आले, हे सिद्ध कोणी करायचे?

प्रश्न : तोफखान्यात चोवीस वर्षे सेवा करून मी २०१६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्या वेळी वैद्यकीय मंडळाने माझे बहिरेपण वीस टक्के ठरवले. पण ते ‘सेवेमुळे आलेले नाही व सेवेने वाढलेलेही नाही’ अशा शेऱ्यामुळे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले गेले. अपीलही फेटाळले गेले. आता कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणावा काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दाखल्याची घाई नको. आजच्या डॉक्टरांना आजचा कान दिसेल. तो कशाने गेला, हे सेवेतलेच कागद सांगतील.

धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, त्या बाबतीत सैनिक निरोगी होता असे धरावे, आजाराचा सेवेशी संबंध नाकारणाऱ्या मंडळाने कारणे द्यावीत आणि शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा. तेव्हा मंडळाच्या अहवालात त्या शेऱ्यापुढे कारण म्हणून काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. नुसता एका ओळीचा शेरा असेल, तर तीच तुमची मुख्य तक्रार ठरते.

मात्र सेवेत असताना झालेले प्रत्येक दुखणे सेवेमुळे झाले, असा याचा अर्थ नाही. सुटीवर गावी गाडीवरून पडलेल्याचा दावा याच मुद्द्यावर अडतो. म्हणून नाशिक रोड येथील तोफखाना अभिलेख कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करून भरतीची तपासणी, श्रवणचाचण्या, वैद्यकीय श्रेणी घसरल्याचे कागद आणि नेमणुकांचा तपशील मागवावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. तोफांवर काम केलेली वर्षे आणि ऐकू येणे कमी होत गेलेली वर्षे शेजारी-शेजारी मांडली, की संबंध डोळ्यांना दिसतो.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची पात्रता ठरवणाऱ्या नियमांपैकी तुम्हाला २००८ चे नियम लागू आहेत, २०२३ चे नाहीत. या दोहोंची गल्लत सर्रास होते. २००८ च्या नियमांनुसार एरवी पुराव्याचा भार सैनिकावर नसतो. पण निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटून सेवेचे कागद नष्ट झाल्यावर दावा केल्यास तो सैनिकावर येतो. तुमच्या बाबतीत ही मुदत २०३१ मध्ये संपते.

अपील फेटाळले गेल्यामुळे आता सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर पीठाकडे जावे आणि विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. दावा मान्य झाल्यास वीस टक्के अपंगत्व पन्नास टक्के धरावे, असे राम अवतार प्रकरणातील २०१४ च्या निकालावरून मागता येईल. थकबाकी मात्र सहसा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते, त्यामुळे लांबवलेला प्रत्येक महिना तुमच्याच रकमेतून वजा होतो.