खरखरीत घेतला म्हणजे आवळणार नाही, असं नाही

स्तनांसाठी डॉक्टर गुळगुळीत इम्प्लांट सुचवतात, मैत्रीण म्हणते खरखरीत घे, तो आवळत नाही. कुणाचं ऐकू, हा तुमचा प्रश्न. मैत्रीण अगदीच चूक नाही, पण तिची माहिती जुनी आहे.

माझा डावा गुळगुळीत इम्प्लांट दोन वर्षांत कडक झाला. कुशीवर वळले की छातीत चेंडू अडकल्यासारखं व्हायचं. कडकपणा मोजणाऱ्या बेकरच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी, म्हणजे आकार बदललेला डोळ्यांना दिसतो ती. काढल्यावर सर्जननी तो हातात दिला, तर नव्यासारखा मऊ! कडक होतं ते भोवतीचं पांढुरकं कवच.

असं कवच शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती विणतंच. गुळगुळीत पृष्ठभागाभोवती कोलॅजन या प्रथिनाचे धागे एका दिशेने समांतर बसतात आणि आकसणाऱ्या पेशींनी जोर लावला की बटव्याची नाडी ओढावी तसं सगळं आवळतं. खरखरीत पृष्ठभागावर धागे वेडेवाकडे बसतात, त्यामुळे ओढ एकवटत नाही. पॉलियुरेथेन फोमचं वेष्टण यात सर्वात पुढे, कारण ऊती थेट त्याच्या छिद्रांत शिरतात. तरी अमेरिकेत ते १९९१ मध्ये बाजारातून गेलं. फोम विघटित होताना कर्करोगाचा संशय असलेलं टीडीए हे रसायन सुटतं, अशी धास्ती होती. युरोपात आजही वापरतात.

मात्र खरखरीतचा हा फायदा दिसतो तो मुख्यतः इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर, स्तनग्रंथीखाली असेल तर. स्नायूखाली फरक बराच कमी होतो. शिवाय खाचाखोचांत जिवाणूंनाही जागा मिळते, आणि त्यांचा चिकट थर हे आवळण्याचं एक मोठं कारण मानलं जातं. रेडिएशन झालं असेल तर धोका वाढतो, पृष्ठभाग कुठलाही असो.

दुसरी बाजू लिम्फोमाची. बीआयए-एएलसीएल हा दुर्मीळ कर्करोग प्रामुख्याने खरखरीत इम्प्लांटशी जोडला गेलाय. त्यामुळेच २०१९ च्या जुलैमध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने बायोसेल या खरखरीत जातीचे इम्प्लांट परत मागवले. तुमचे डॉक्टर गुळगुळीत म्हणतात, त्यामागे बहुधा हेच असावं.

म्हणून मी तरी आधी विचारेन: स्नायूवर की स्नायूखाली? छेद कुठून? आत सरकवताना त्वचेचा, म्हणजे तिच्यावरच्या जिवाणूंचा, स्पर्श टाळणार कसा? माझे दोन्ही एकाच दिवशी, एकाच जातीचे बसवले होते. आवळला तो डावाच.